शेड नंबर दोनमधली गैरहजेरी

नूर महंमद खुर्चीवर बसले, पण पाठ काही टेकली नाही. जामनेरला त्यांचं गाद्या भरायचं दुकान. हातात मोबाईल आणि त्यावर मुलीचा निकाल: पाच विषयांत झकास गुण, सहाव्यापुढे ‘गैरहजर’.

“ताई, मिसबाह म्हणते पेपर दिला. विद्यापीठ म्हणतं आलीच नाही,” ते म्हणाले. “मग त्या दिवशी माझी पोरगी होती कुठे?”

कामिनी भारंबे जळगावात खाजगी तपासाचं काम करायची. बहुतेक कामं लग्नाआधीच्या चौकशीची, त्यामुळे बापाच्या तोंडचा हा प्रश्न तिच्या ओळखीचा होता. निकाल लागून आठ दिवस झाले होते. मिसबाहचा थोरला भाऊ सैफ आज संध्याकाळी सहापर्यंत गाडी घेऊन धुळ्याच्या वसतिगृहावर पोचणार होता. बहिणीला घरी आणायचं आणि शिक्षण बंद, असं घरात ठरलं होतं.

“तुम्हाला निकाल दुरुस्त करून हवाय की पोरगी कुठे होती ते हवंय?” कामिनीनं विचारलं.

नूर महंमदांनी मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. प्रेमराज नानांनी गाडीची किल्ली उचलली आणि तिघं धुळ्याला निघाले. नाना एसटीतून निवृत्त झालेले. कामिनीबरोबर हिंडायचे, गाडी चालवायचे आणि वाटेतच गुन्हेगार ठरवून मोकळे व्हायचे. बिचारे मनाचे साफ, पण घाई फार. पारोळा येईपर्यंत त्यांच्या मते मुलगी खोटं बोलत होती.

मिसबाहच्या पांझराकाठ विद्यापीठाबद्दल काय सांगावं! तीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीत ते सुरू झालं. इमारती होतील म्हणून शब्द दिला होता. कुलगुरूंचा बंगला झाला, परीक्षा मात्र अजून कापसाच्या शेडमध्येच. पत्र्याखाली मे महिन्यात पोरं भाजून निघतात, म्हणून खिडक्यांना डब्यासारखे मोठे कूलर बसवले. हॉल तिकिटावर पर्यवेक्षकाची सही घ्यायची पद्धत केव्हाच बंद पडलेली. कॅमेरे दोन, दोन्ही शोभेचे.

मिसबाह वसतिगृहाच्या खोलीत बसली होती. तिचे डोळे कोरडे होते आणि आवाज बसला होता. ‘गैरहजर’ लागलेला पेपर चौदा मेचा, शेड नंबर दोनमध्ये, दहा ते एक. शेवटची घंटा झाली तरी ती लिहीत होती. शेडवर नवीन नावाचे सर पर्यवेक्षक होते, त्यांनी सर्वांत शेवटी तिची उत्तरपत्रिका ओढून घेतली आणि गठ्ठ्यावर ठेवली. वसतिगृहाच्या वहीत परतल्याची वेळ मात्र चार. मधले तीन तास ती ग्रंथालयात होती, कारण तिथे गार असतं. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद कुणी ठेवत नाही.

“दुसऱ्या दिवशी काही वेगळं घडलं?” कामिनीनं विचारलं.

मिसबाहनं जरा आठवून सांगितलं. पेपर सुरू व्हायच्या आधी नवीन सरांनी तिला ऑफिसात पाठवलं. ओळखपत्रावरचा फोटो पुसट आहे, शिक्का मारून आण, म्हणाले. ऑफिसवाले हसले, असला शिक्का नसतोच. ती परत आली तेव्हा प्रश्नपत्रिका वाटून झाल्या होत्या.

शेजारच्या खोलीतली अर्शी त्याच शेडमध्ये बसली होती. मिसबाह पेपरला होती, हे तिनं आठवड्यात तिसऱ्यांदा सांगितलं. मैत्रिणीच्या साक्षीला परीक्षा विभागात कोण विचारतो? जाताजाता तिनं आणखी एक सांगितलं: दुसऱ्या दिवशी पेपरआधी सरांनी आदल्या दिवसाच्या हजेरीच्या सह्या पुन्हा घेतल्या. पहिला कागद खराब झाला, म्हणाले.

घड्याळात अडीच वाजले होते. नूर महंमद दर पाच मिनिटांनी फोन बघत होते. सैफ निघाला होता.

परीक्षा विभागातले निंबा भाऊ आधी ढिम्म हलेनात. मिसबाहचा अर्ज बघून नियंत्रक महाजन मॅडमनी हुकूम दिला, तेव्हा कुठे कुरकुरत त्यांनी त्या शेडचं पाकीट काढलं. आत तेवीस उत्तरपत्रिका आणि हजेरीचा कागद. तेवीस सह्या, मिसबाहच्या ओळीत लाल रेघ. पाकिटात जेवढं आलं तेवढं मी मोजून घेतलं, बाकी मला माहीत नाही, असं ते दोनदा म्हणाले. हजेरीचा कागद दुसऱ्या दिवशी आला, हे मात्र त्यांनी विचारल्याशिवाय सांगितलं नाही.

कामिनीनं एकेक उत्तरपत्रिका हातात घेतली. प्रत्येकीचा वरचा डावा कोपरा पाणी पिऊन वाळलेल्या कागदासारखा सुरकुतला होता. हजेरीचा कागद मात्र कोरा करकरीत, आणि तेवीसच्या तेवीस सह्या एकाच हिरवट निळ्या शाईत.

“या निंबानंच दाबली,” नाना जिन्यात कुजबुजले. शिपाई रुपचंद भेटल्यावर त्यांचा संशय लगेच त्याच्यावर गेला. शेडची रद्दी तोच विकायचा.

रुपचंदनं आढेवेढे घेतले नाहीत. त्या दिवशी पेपर सुटताना तो पाइपनं कूलर भरत होता आणि टाकी उतू गेली. उकाड्यामुळे सरांनी आपलं टेबल अगदी कूलरला लावून घेतलं होतं.

“बठ्ठं, सगळं पानी टेबलवर सांडनं, ताई. पन सरनी माले फडकं बी लावू दिधं नही. सोताच रुमालवरी पुसं, आनि माले बाहेर धाडं.”

नवीन सर विभागात एकटेच सापडले. तासिका तत्त्वावर अकरावं वर्ष, पुढच्या आठवड्यात कायम जागेची मुलाखत. मिसबाह आली नव्हती, असं ते शांतपणे म्हणाले. कूलरचं विचारलं तर म्हणाले, पाणी सांडलं, हजेरीचा कागद भिजला, म्हणून सह्या पुन्हा घेतल्या. उत्तरपत्रिकांना धक्का लागला नाही. बोलताना ते तीनदा पाणी प्यायले.

साडेचारला सगळे महाजन मॅडमच्या केबिनमध्ये जमले. बापलेक दोन टोकांना बसले होते.

“नवीन सर म्हणतात उत्तरपत्रिकांना धक्का लागला नाही,” कामिनीनं सुरुवात केली. “पण तेवीसच्या तेवीस कोपऱ्यावर भिजल्यात. पाणी गठ्ठ्यावर पडलं. हजेरीचा कागद भिजला आणि सह्या पुन्हा घेतल्या, हे ते स्वतःच सांगतात. एकाच पेनानं घेतल्या, म्हणजे सगळ्यांच्या एकदमच. त्यात गैर काही नाही.”

“मग अडलं कुठे?” नाना म्हणाले.

“सह्या घेताना मिसबाहला खोलीबाहेर का पाठवलं, इथे. नसलेला शिक्का आणायला. ती आदल्या दिवशी आलीच नसती, तर तिला बाहेर काढायची गरज काय होती? तिच्यादेखत सह्या घेतल्या असत्या तर तिनंही सही केली असती. सह्या चोवीस आणि उत्तरपत्रिका तेवीस झाल्या असत्या.”

“पण हिचीच का?” मॅडमनी विचारलं.

“सर्वांत शेवटी तिनं दिली. गठ्ठ्यावर सर्वांत वर तीच होती. खालच्यांचे कोपरे भिजले, वरचीवर सगळी टाकी आली. रुपचंदला फडकं लावू दिलं असतं तर त्यानं ती पाहिली असती. निंबा भाऊंकडे पाकीट आलं तेव्हा ती त्यात नव्हतीच. आणि मुलांच्या सह्या पुन्हा घेणारे, हिला बाहेर धाडणारे सर एकच.”

नवीन सरांनी पुढ्यातला पाण्याचा पेला बाजूला सारला.

“शाई पार वाहून गेली होती,” ते म्हणाले. “पहिली आठ पानं निळी झाली होती नुसती. हलगर्जीपणाचा शेरा लागला असता. अकरा वर्षं... वाटलं, एकच विषय आहे, ऑक्टोबरमध्ये देईल परत. तिच्या घरी असं काही होईल हे मनातही आलं नाही. फेकली नाही मी. घरी आहे.”

महाजन मॅडमनी कुणाला रागावण्यात वेळ घालवला नाही. ‘गैरहजर’ शेरा रद्द आणि विद्यापीठाच्या चुकीमुळे विशेष फेरपरीक्षा, असं पत्र त्यांनी तिथल्या तिथे लिहायला घेतलं. नवीन सरांचं पुढे काय ते समिती बघेल, म्हणाल्या. सर उठून गेले तेव्हा नानांना त्यांचीही कीव आली आणि ती त्यांनी लपवली नाही.

नूर महंमदांचा चेहरा उजळला होता. त्यांनी तिथूनच सैफला फोन लावला, परत फिर म्हणून सांगितलं, आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झाले. मिसबाह बाजूला सरकली.

“सर घाबरून खोटं बोलले, ते कळलं मला,” ती म्हणाली. “सैफभाई म्हणाला ही कुठेतरी हिंडत होती. मामू पण तेच म्हणाले. तेव्हा तुम्ही काय म्हणालात, अब्बा?”

नूर महंमदांनी पुढे केलेला हात मागे घेतला. नाना मध्ये काहीतरी बोलणार होते. कामिनीनं त्यांचा दंड धरला.

“मी कुठं काय म्हणालो, बेटा? मी तर गप्पच होतो.”

“तेच,” मिसबाह म्हणाली, आणि फेरपरीक्षेची तारीख विचारायला निंबा भाऊंच्या खिडकीकडे निघून गेली.