कानोबाला काही होत नाही

आपत्कालीन मदत केंद्रात एकत्र डबा खायला बंदी झाली, आणि ती बंदी घालणारी वैजयंती मोकाशी सगळ्यांच्या डोळ्यांत खुपू लागली. तिचा हुद्दा मनसुरक्षा अधिकाऱ्याचा. यंत्रात हात जाऊ नये म्हणून कारखान्यात जाळी बसवतात ना, तसं कामापायी कुणाचं मन चिरडू नये हे बघणं तिचं काम.

त्यासाठी प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असे. नाडी, घाम, आवाजातला कंप टिपून तो एक आकडा दाखवी. त्याला म्हणायचं मनभार. आकडा सत्तरच्या वर गेला की त्या माणसाने फोन घ्यायचा नाही, असा कायदा होता. कायदा चांगलाच होता. अपघातांचे, आगींचे, बुडणाऱ्यांचे फोन दिवसभर घेणारी माणसं पूर्वी मुकाट्याने खचत आणि एक दिवस यायचीच बंद होत. आता त्यांना वेळेवर रजा मिळे.

घोळ घातला तो डब्याने. जालिंदर सपकाळ हे केंद्रातले जुने, भरवशाचे गृहस्थ. एकदा त्यांच्याच टेबलावर त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. घाटात गाडी दरीत गेली होती. मदत पोचेपर्यंत भाऊ गेला. रजेवरून परतल्यावर सपकाळ रोज डबा उघडून तेच सांगत आणि सोबतचे चौघे ऐकत. दुःख सांगितल्याने हलकं होतं म्हणतात. होतंही, पण ते जातं कुठे, हे आजवर कुणी मोजलं नव्हतं. बिल्ल्यांनी ते मोजलं. सपकाळांचा आकडा जरा उतरे, चौघांचे चढत. दुपारनंतर चार खुर्च्या रिकाम्या आणि फोन मात्र वाजताहेत, अशी गत झाली.

म्हणून डबे वेगळे झाले आणि ऐकायला यंत्र आलं. सरकारी नाव 'श्रवणसहायक'. लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं, कानोबा! कानोबा कधी कंटाळत नसे, मध्येच 'हं, मग?' म्हणे आणि सांगितलेलं विसरत नसे. बघता बघता तो आणि बिल्ला, दोन्ही घरोघरी पोचले.

सपकाळ महिनाभर कानोबापुढे बसले. त्यांचा आकडा पुन्हा नव्वदीला टेकला होता, तो तिथून हलेना. आणखी आठवडाभरात उतरला नाही, तर नियमाने त्यांना कायमचं घरी बसवावं लागणार होतं. घरी भिंतींशिवाय कुणी नव्हतं. वैजयंतीला त्या विचारानेच धडकी भरली.

ती थेट डॉ. नसीम मुल्लांकडे गेली. बिल्ला आणि कानोबा, दोन्ही त्यांनीच घडवलेले. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, म्हणून तिने सरळच विचारलं, "मॅडम, कानोबा बिघडलाय का?"

"ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही कुणाचं मनापासून ऐकता ना, तेव्हा तुमचा श्वास नकळत त्याच्या लयीत जातो, नाडी बदलते. समोरच्याचं शरीर हे टिपतं आणि मगच सैलावतं. कानोबाला काही होत नाही. म्हणून सपकाळांनाही काही होत नाही."

"म्हणजे ऐकणाऱ्याला त्रास झालाच पाहिजे?"

"ज्याला झाला नाही, त्याने ऐकलं असं शरीर मानतच नाही."

"मग हे जाहीर का करत नाही तुम्ही?"

"केलं तर कानोबा बंद करावा लागेल. मग एवढ्या लोकांचं ऐकायला सत्तरच्या आतली माणसं आणायची कुठून? तुमच्याकडे आहेत?"

वैजयंतीकडे नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने आपला डबा सपकाळांसमोर उघडला.

"मॅडम, तुमचाच नियम हाय," सपकाळ कसनुसं हसले.

"मला फोन घ्यायचे नसतात. बोला तुम्ही."

सपकाळांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "मी त्याला 'आपण' म्हणालो, मॅडम. 'आपण हलू नका, मदत निघाली आहे.' बाळूला! जन्मात कधी म्हटलं नव्हतं. त्यानं वळखला माझा आवाज. म्हणला, 'दादा, तूच हायस न्हवं?' आन् मी नियमानं म्हणालो, 'कृपया शांत राहा.'"

प्रशिक्षणात शिकवलेलं एकही वाक्य वैजयंतीला आठवलं नाही. ती रडली, सपकाळही रडले. आठवडाभर हेच चाललं. शेवटी सपकाळांचा आकडा सहासष्टवर आला आणि ते पुन्हा कानाला फोन लावून बसले. वैजयंतीचा एक्क्याऐंशीवर गेला. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट कित्येक वर्षांत पहिल्यांदाच आपण खरं काम केलं असं वाटलं. नियमाप्रमाणे रजा घेऊन ती घरी आली.

संध्याकाळी कराडहून आईचा फोन आला. 'कशी आहेस'च्या जागी हल्ली सगळेच विचारत, तेच आईने विचारलं, "आकडा किती गं तुझा आज?"

"एक्क्याऐंशी," वैजयंती बोलून गेली.

आई म्हणाली, "अगं बाई! राहू दे मग. सहज केला होता फोन."

"आई, आवाज असा का येतोय तुझा? काय झालंय?"

"काही नाही गं. जरा डॉक्टरांकडे जाऊन आले, तपासणीचं कळलं, एवढंच. तुझ्या डोक्याला आधीच ताप थोडा आहे का? तू जेव आणि पड जरा." आईने तिचीच समजूत घातली. "मी सांगते आपली कानोबाला. फार छान ऐकतो गं तो."