गेळाची डहाळी

आमच्या चामटोलीच्या ओढ्यात उन्हाळ्यात मासे धरायचे ते गेळाची फळं कुटून. कुटलेली फळं डोहात कालवली की मासे गुंगून वर येत. त्या दिवशी पाणी प्यायचं नाही, म्हणून खालच्या पाणवठ्यावर गेळाची डहाळी खोचून ठेवायची. ती खूण सगळ्यांना ठाऊक होती.

एक्कावन्न साली डहाळी मी खोचली. घटकाभराने खाली येऊन पाहतो तर डहाळी उपटलेली, आणि एक अनोळखी मुलगी पदराने तोंड पुसत उभी.

"पाणी प्यालीस?"

"प्याले. का, तुमच्या बापाचा ओढा आहे?"

"डहाळी कुणी उपटली?"

"मीच! काटे होते तिला. कुणाच्या पायात गेले असते…"

मी खूण सांगितली. तिच्या हातातला हंडा खाली आला. ती वेणू. बाप रेल्वेच्या रुळाच्या कामावर, नगरकडून महिन्यापूर्वीच आलेला. तिला आमची खूण कोण सांगणार?

"मी मरेन का?"

माणूस मेल्याचं मी ऐकलं नव्हतं. पण त्या वर्षी आम्ही दुप्पट फळं कुटली होती.

"माहीत नाही," मी म्हणालो.

ती खडकावर बसली. ओठ पांढरे पडले. "इथं मला ओळखतं कोण… एकटीच जायची मी."

मला काय झालं कळलं नाही. ओंजळ भरली नि प्यालो.

"अरे येड्या! हे काय केलंस?"

"आता एकटी नाहीस."

ती बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "नाव तरी सांग. वर विचारतील, हा बरोबर कोण आणलास…"

"हरिचंद्र."

"नुसतं नावच?"

"हात धर. पुढचं जगलो तर सांगतो."

उन्हं कलेपर्यंत दोघंही ओकत होतो. मध्येच ती हसायची, की पुन्हा घाबरून माझा हात आवळायची. संध्याकाळी पोट शांत झालं.

"हं, सांग पुढचं," ती म्हणाली.

मी सांगितलं.

सात वर्षं संसार झाला. गेल्या श्रावणात तिला ताप आला. पाचव्या दिवशी तिने तसाच माझा हात आवळला. ओठ तसेच पांढरे. मी इकडेतिकडे पाहिलं. या वेळी तिच्याबरोबर प्यायला काही नव्हतं.

यंदाही मासे धरले. डहाळी मीच खोचली, आणि अंधार पडेपर्यंत तिथंच बसलो. कुणी नवं माणूस आलं तर सांगायला हवं.