भावकीतली भीती

शलाका शिरतोडेच्या भीतीची वाटणी होती त्या दिवशी तिचा थोरला दीर विक्रांत रुसला आणि हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये जाऊन बसला. कारण साधं होतं. धाकट्या चुलतभावाला त्याच्यापेक्षा मोठा वाटा लागला होता.

"लग्नात मान नाही, वास्तुशांतीत मान नाही, आता भीतीतसुद्धा नाही?" विक्रांत पैलवान होता. आयुष्यात कधी घाबरलेला नसल्यामुळे हा माल नक्की काय असतो याची त्याला कल्पना नव्हती.

शलाका कबड्डीची पंच. स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं तशी तिची झोप गेली, जेवण गेलं, आणि दुसऱ्या केमोच्या दिवशी ती बाथरूमला आतून कडी लावून बसली. "मरेन, पण तिथं येणार नाही," एवढंच दारापलीकडून ऐकू आलं. मग तिच्या नवऱ्यानं, धैर्यशीलनं, डॉ. मुबीना पटवेकरांना गाठलं.

"आपल्या मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो," डॉक्टर जमलेल्या भावकीला सांगत होत्या. "भीती तिथं मुरते. तिथल्या पेशी एका ठरावीक ठेक्यात धडधडतात. तो ठेका काढून आम्ही थोडा थोडा दुसऱ्यांच्या मेंदूत बसवतो. याला भयवाटप म्हणतात. फक्त या आजाराची भीती निघते, बाकीच्या जागच्या जागी राहतात."

"काढून गटारात टाकता येत नाही का?" सासूबाईंनी विचारलं. शलाका त्यांना आत्या म्हणायची.

"नाही हो, मावशी. भीती नष्ट होत नाही, नुसती जागा बदलते. कुणालातरी ती बाळगावीच लागते."

भावकीला हे लगेच पटलं. जमिनीचंही तसंच असतं.

तरी भांडण मिटेना. शेवटी कॉटवरच्या शलाकानं उशाखालची शिट्टी काढून वाजवली. "दादांना बोलवा आत. सगळ्यात मोठा वाटा त्यांचा." विक्रांत छाती काढून आत गेला आणि भिंत धरून बाहेर आला.

पुढचे काही महिने शिरतोडे मळ्यात अवघड गेले. फोन वाजला की विक्रांत पलंगाखाली जायचा, कारण फोनवर रिपोर्ट असू शकतो. धैर्यशील शॅम्पूच्या जाहिराती बघून रडायचा. धाकटा चुलतभाऊ दाढी करताना आरशात स्वतःची जीभ तपासत बसायचा. पण वाटा परत करायचं नाव कुणी काढलं नाही. उलट गावात कुणी विचारलं तर विक्रांत पलंगाखालूनच सांगायचा, "आमच्या सूनबाईची आहे. साधीसुधी नाही."

शलाकानं मात्र केमो संपवली, ऑपरेशन करून घेतलं, आणि जिल्ह्याच्या अंतिम सामन्याला टक्कल मिरवत, एका बाजूनं सपाट जर्सी घालून मधोमध उभी राहिली. प्रेक्षकांत कुणीतरी फिदीफिदी हसलं. तिनं सामना थांबवून त्याला मैदानाबाहेर काढलं. नियमात तशी तरतूद नाही.

रिपोर्ट चांगले आले. "हवं तर भीती कायमची त्यांच्याकडेच ठेवता येईल," डॉक्टर म्हणाल्या.

शलाका हो म्हणणारच होती. पण पुढच्या तपासणीची तारीख ती साफ विसरली. तिच्या पुढची पण. भीती नव्हती, त्यामुळे आठवणही नव्हती. धैर्यशीलनंच तिला थरथरत गाडीत घातलं. त्या दिवशी ती म्हणाली, "माझी मला द्या. पंचाची शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात शोभत नाही."

एकेकाचा वाटा निघून तिच्याकडं परत येऊ लागला. विक्रांत रेंगाळला. "थोडी ठेवू का?" आपला वाटा द्यायला आत्या सगळ्यात शेवटी आल्या. "माझ्याकडं राहू दे गं. सवय झालीय."

यंत्र थांबलं. डॉक्टर पडद्याकडं बघत राहिल्या. "मावशींना दिली होती त्याच्या दुप्पट आलीय."

"व्याज," विक्रांत म्हणाला.

"भीती आपोआप वाढत नाही. पण एकाच आजाराच्या दोन भीती शेजारी असल्या तर यंत्राला त्या वेगळ्या करता येत नाहीत. दोन्ही निघतात."

शलाकाचा हात आपोआप डाव्या काखेत गेला होता. तिची गाठ उजवीकडं होती. तिनं मान वर केली. आत्यांचा पदर डाव्या खांद्यावरून घट्ट ओढलेला होता.

"आत्या, कधीपासून?"

"तू कडी लावून बसलीस ना, त्या आठवड्यात लागली हाताला. एका घरात दोन-दोन कशाला, म्हणून बोलले नाही." आत्यांनी मस्त जांभई दिली. "पण आता कसं हलकं वाटतंय! गाठ आहे तिथंच आहे, काही होत नाही गं. चला, चहा घेऊन निघू."

त्या अख्ख्या मजल्यावर, जिला गाठ होती ती एकटीच निर्धास्त होती.

"त्यांची त्यांना परत देऊ?" डॉक्टरांनी हळूच विचारलं. "नाहीतर त्या तपासणीला उभ्या राहायच्या नाहीत."

शलाकाच्या एका अंगात दोन बायकांची भीती मावत नव्हती. "नको. झोपू देत त्यांना आज. तुम्ही सोनोग्राफीचं बघा."

तिनं आत्यांचं मनगट धरलं. ज्या पकडीतून चढाईला आलेला गडी सुटत नाही, ती पकड.

"अगं सोड! काय झालंय मला?" आत्या हसत हसत ओढल्या जात होत्या.

दारात विक्रांत बाही वर करून उभा होता. "या वेळी धाकट्याच्या आधी मी."

"मागं सरका, दादा," शलाकाचे दात कडकड वाजत होते. "पहिला वाटा माझा."