पाण्याआधी लिहिलेलं नाव

देवाशपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. चर्चचा तो कारकून म्हणजे माझा सख्खा साडू. बरं, साडू नव्हे, साडूचा शेजारी. म्हणून काही गोष्ट खोटी ठरत नाही. पुढे सरका, आणि तेवढं दार लोटून घ्या.

गावातल्या त्या चर्चच्या वहीत प्रत्येक घराण्याचं एक पान. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं की पोराचं नाव त्या पानावर चढायचं. एकदा एक शिंपीण आली. तिचं बाळ पाण्याआधीच गेलं होतं.

“दादा, आमच्या पानावर कोपऱ्यात एवढंसं नाव लिहा. ते होतं, एवढं तरी राहील.”

कारकुनाने पेनाला टोपण लावलं. “पाणी नाही तर नाव नाही. ताई, हे काय उधारीचं दुकान आहे?”

रांगेतले सगळे खिदळले. “तुमच्या घरीही असंच होईल,” म्हणून ती निघून गेली. बाळाला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं.

वर्ष उलटलं. कारकुनाला नातू झाला. बाप्तिस्मा रविवारी, आणि पाहुण्यांसमोर शाई पसरायला नको म्हणून हा पठ्ठ्या शनिवारी रात्री दहाला, एकटाच, नाव लिहायला गेला. पाण्याआधी! घरच्या पोराला कसला आलाय नियम?

वळणदार नाव काढलं. फुंकर मारली.

मागून आवाज आला.

चुटुक... चुटुक...

तान्हं मूल दूध ओढतं ना, तसा. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडातून. संध्याकाळीच काठोकाठ भरलेलं होतं ते.

“कोण... कोण आहे?”

आवाज थांबला.

मग एक ढेकर. इवलीशी. पोट भरल्याची.

त्याने टॉर्च मारला. कुंड रिकामं. तळाला ओलसुद्धा नाही.

सकाळी फादरांनी नवं पाणी आणवलं. नातवाच्या डोक्यावर ओतलं. आईची मांडी भिजली. फरशी भिजली. डोकं...

कोरडं.

पुन्हा ओतलं. कोरडं.

मागच्या बाकावर कुणीतरी खिदळलं. फादरांनी वही मागवली, आणि ते नाव कारकुनाच्याच हाताने खोडायला लावलं.

पोरगं आता चालतं. भर पावसात उभं केलं तरी केस भिजत नाहीत.

बरं, कबूल करतो, एक गोष्ट मी पदरची घातली. शिंपीण ते शापाचं काही बोललीच नव्हती. ती फक्त “बरं, दादा” म्हणाली होती... आणि जाताना दार हळूच लावून घेतलं होतं.