पाण्याकडची ओळ

१९७३ च्या एप्रिलात आमचे मुख्य आरेखक मधुकरराव यांनी बंदरघाटचा जुना नकाशा माझ्या टेबलावर ठेवला. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात मी आरेखक होतो. जीर्ण नकाशांच्या नकला काढणं माझं काम. बंदरघाट हे माझ्या बायकोचं, प्रेमिलाचं माहेर. तिथं कसलं बंदर, असं लोक हसून विचारत. पण शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांनी ते बंदर म्हणूनच वसवलं होतं. कापूस होड्यांनी वर्धा नदीतून गोदावरीत आणि तिथून समुद्रावर न्यायचा बेत होता. पुढे रेल्वे आली, बेत मोडला, गाव तेवढं उरलं.

नकाशात टेकाडावर साहेबाचा बंगला, खाली गोदामं आणि सगळ्यात पाण्याजवळ बारा झोपड्यांची ओळ. धक्का बांधायला आणलेल्या महार मजुरांच्या, म्हणजे आमच्याच लोकांच्या. बाजूला बारीक इंग्रजीत लिहिलं होतं: पाणी चढल्यास या वस्तीवरून वेळीच कळेल. त्या ओळीतल्या शेवटच्या घरात माझी सासू तुळसाबाई अजून एकटी राहायची.

पहिल्या दिवशी मी मोजलं. काठापासून ओळ तीनशे फुटांवर होती. दुसऱ्या दिवशी नक्कल ताडून पाहिली. नकलेत तीनशे, मूळ नकाशात दोनशे वीस. तिसऱ्या दिवशी एकशे तीस. शाई कुठंही फुटलेली नव्हती. बाहेर रस्त्याचं डांबर वितळत होतं आणि माझ्या टेबलाला ओल्या गाळाचा वास येत होता.

मधुकररावांनी स्वतः मोजलं. पट्टी पुसून परत लावली. मग हळूच म्हणाले, "नकाशामागचं कापड आखडलं असन. कोणाले सांगू नको गा, नाव तुहंच खराब होईन."

मी कुणाला सांगितलं नाही. प्रेमिलालाही नाही. छप्पन साली बापाचं बोट धरून दीक्षा घेतली, तेव्हापासून भूतखेत मानायचं नाही हे आमच्या घरात ठरलेलं होतं. शनिवारी चाळीस फूट उरले. रविवारी पहाटेची एस.टी. धरली.

नदीत नुसती रेती होती. मधोमध चार-पाच हात रुंद धार, तीत दोन म्हशी बसलेल्या. तुळसाबाई अंगणात मोहफुलं वाळवत होती. चार दिवस नागपूरला चला, म्हणालो.

"काहून जवाईबापू? प्रेमिलाले दिवस गेले का?"

हो म्हणालो असतो, तर ती त्याच पावली निघाली असती. पण खोटं माझ्या तोंडून निघालं नाही. नदीचं भय वाटतं, एवढंच म्हणालो.

तिनं रेतीकडं पाहिलं. हसली नाही. "आपन उठलो, तं वरच्याईले कोन सांगन?"

तिला अक्षरओळख नव्हती. तो नकाशा तिनं कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळच्या गाडीनं मी एकटा परतलो.

सोमवारी नकाशा उघडायचा धीर झाला नाही. मंगळवारी तार आली.

आम्ही पोचलो तेव्हा ती खाटेवर होती. जमीन कोरडी, अंगणातली मोहफुलं कोरडी. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, विहिरीतून केव्हा काढलं? कुठूनच काढलं नाही, मी म्हणालो. त्यांनी कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं आणि माझ्याकडं न पाहता निघून गेले.

प्रेमिलानं आईला आंघोळ घातली. केसांतून गाळ निघत राहिला. तीन घागरी झाल्या तरी पाणी निवळेना.

परतताना गाडीत तिनं एकदाच विचारलं, "तुमी रविवारी काहून गेलते?"

मी खिडकीची काच वर सरकवली. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. आम्ही एका घरात राहतो, जेवतो, झोपतो. बोलणं जवळजवळ संपलं आहे.

नागपूरच्या इंदोरा वस्तीतलं आमचं घर उंचावर आहे. जवळ नदी नाही, नाला नाही. पावसाळ्याला अजून महिना आहे. प्रेमिलानं आमच्या खाटेच्या पायांखाली विटा ठेवल्या आहेत. खालची वीट ओली झाली की ती आणखी एक थर चढवते.

काल तिनं चौथा चढवला.