पट्टीशिवायचा उपवास

सांगलीच्या त्रिशला मगदूम यांना दीड वर्षात एकदाही भूक लागली नव्हती. मोबाइलवर जेवणाचा गजर वाजला की त्या पान वाढून घेत आणि ठरलेलं तेवढं खात. बाकी सगळं दंडावरची पट्टी सांभाळत होती.

अन्न मिळेनासं झालं की यकृत चरबीपासून कीटोन नावाचं इंधन तयार करतं. ते रक्तात वाढलं की भूक मंदावते. पट्टीतून हेच कीटोन अंगात झिरपायचे. खाणं घटल्यामुळे त्रिशलाबाईंचं वजन उतरलं होतं, यकृतातली चरबीही.

भाद्रपदात जैनांचं दशलक्षण हे उपवासाचं पर्व आलं. आजवर एक दिवसाचा उपवासही त्यांना झेपला नव्हता, आणि सासूबाईंनी ते जन्मभर ऐकवलं होतं. यंदा मात्र त्यांनी सलग तीन दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढले. घरच्यांसाठी भाकऱ्या थापल्या, पण एक घास खावासा वाटला नाही. जिनमंदिरात सत्कार ठरला. आदल्या दिवशी त्यांनी सुनेला, विदुलाला, हाक मारली. पट्टी बनवणाऱ्या संशोधकांच्या गटात तीही होती.

"सत्काराला नाही म्हणून कळव. आणि ही पट्टी काढ."

"आई, वजन पुन्हा चढेल."

"चढू दे. नको होतं ते खाल्लं नाही, एवढंच झालं. यात मी सोडलं काय?"

विदुलानं पट्टी काढली. काही दिवस गजरावर, भूक लागायच्या आत नीट जेवून झाल्यावर, तिच्याच देखरेखीखाली, त्रिशलाबाई पुन्हा उपवासाला बसल्या.

दुपारी झाकण जरा जोरात पडलं म्हणून त्या विदुलावर खेकसल्या. मग पोट धरून खुर्चीत बसल्या. "काहीतरी बिनसलंय गं. डॉक्टरांना दाखवू या."

"बिनसलं नाही, आई. तुम्हाला भूक लागलीय."

संध्याकाळी शेजारून लसणाच्या फोडणीचा वास आला, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. विदुलानं ताट वाढू का विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोटातली ओढ आपोआप ओसरली. विदुलानं बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासला.

"कीटोन वाढलेत. साखरेचा साठा संपला, शरीर चरबीवर आलं. पट्टीचं काम आता तुमचं यकृत करतंय."

"म्हणजे भूक मी जिंकली नाही."

"शरीराचं ते कामच आहे, आई. कुणाचंही असंच होतं."

विदुला सुई आणि कापूस आवरू लागली.

"आजचं कळलं," त्रिशलाबाई म्हणाल्या. "पण काल पट्टी नव्हती, आणि हे तुझे कीटोनही नव्हते. मग काल जेवायला नाही म्हणत होतं, ते कोण?"