तिसरी हाक

गानं आयका, पोट्टेहो, खुशाल आयका. मोठा गवई हाय, घंटाभर आ... आ... करत बसन. पन नाटक लागलं का त्या रेडिओचा कान पिळा. काऊन म्हंता? बसा, सांगतो. बिरजू, दात काढू नको. हे लटारूच्या मायनं, सुगंधाबाईनं, सोता मले सांगितलं हाय.

सत्तावन साल, तान्ह्या पोळ्याचा दिवस. भैयाजी पाटलाचा रेडिओ गावात नवा नवा. बॅटरी उतरत आली, म्हनून त्यानं आपल्या गड्याले, लटारूले, नवी आनाले नाल्यापल्याड सिंदेवाहीले धाडलं. म्हने, "रातच्याले नाटक हाय. जीव गेला तरी चालन, पन बॅटरी भिजू देऊ नको." आपन बोलतो ना असं, तसंच बोलला बिचारा. लटारू हासला अन् गेला.

दिवस बुडाला. पानी धो-धो. लटारूचा पत्ता नाई. भैयाजीनं दार लावून जुन्याच बॅटरीवर रेडिओ लावला. सारा गाव घरात कोंबलेला. लटारूची बायको भागीरथा सासूजवळ बसून होती, जीव सारा दाराकडं. गानं झालं. नाटक लागलं. आवाज बारीक बारीक होत चालला, तेवढ्यात नाटकातलं कोनी म्हने,

"भागीरथा... दार उघड."

"ओ!" भागीरथा बोलून गेली.

लोक खो-खो हासले. सुगंधाबाईनं मात्र तिच्या तोंडावर हात ठेवला. "अवो पोरी, रातच्याले पहिल्या हाकेले ओ देते का कोनी?" तुमाले ठाव हाय ना? भूत दोनदाच हाक मारते. तिसरी हाक मानसाची.

मंग रेडिओतून...

"भागीरथा... मले थंडी वाजून राह्यली."

हासू बंद. रेडिओवाले 'मला' म्हनतेत, बाबूहो. 'मले' कोन म्हनते?

भैयाजीनं तार उपसली. रेडिओ गप. भागीरथा हात जोडून बसली. "एकडाव अजून मारा... एकच डाव..." तिसरी आली तं नवरा जिता. नाई आली तं...

पानी. नुसतं पानी.

अन् आली! रेडिओतून नाई. दाराबाहेरून.

"भागीरथा..."

"तिसरी हाय!" माय वरडली. "माहा लटारू हाय, उघड पोरी!"

भागीरथानं कडी काढली.

कोनी नाई.

पायरीवर, त्या पान्यात, लटारूच्या दुपट्ट्यात बांधलेली बॅटरी. भैयाजीनं उचलली. दुपट्टा कोरडा. बॅटरी कोरडी.

सकाळी लटारू नाल्याच्या खालच्या अंगाले, करंजीच्या झाडात अटकलेला सापडला. गावची ढोरं चारनारा पोचू ढोरकी नाल्यापल्याड होता. त्यानं दिवे लागायच्या आधीच त्याले वाहून जाताना पाह्यलं होतं, पन पूर म्हनून रातभर तिकडंच अटकला. वाहताना लटारू दोन्ही हातानं बॅटरी डोक्यावर धरून होता म्हने. एक हात सोडला असता तं झाड गवसलं असतं. मले त्याचंच लय वाईट वाटते रे.

भैयाजीनं रेडिओ पंचायतीले देऊन टाकला. हाच तो. भागीरथाले आता कोनी हाक मारली, तं ती तिसऱ्या हाकेलेही ओ देत नाई.

बॅटरी तेवढी भैयाजीच्या कोनाड्यात हाय. लावली नाई, फेकली नाई. आता चैत सरला, विहिरी आटल्या. जाऊन हात लावून पाहा. बॅटरी कोरडी ठन्न. खालचा दगड ओला हाय.